‘ब्लॉक’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न : वडिलांच्या ईसीजीच्या अहवालात ‘हार्ट ब्लॉक’ असे लिहिले आहे आणि घरातील सर्व जण त्यालाच ‘ब्लॉकेज’ समजून अँजिओप्लास्टीच्या खर्चाचा हिशेब मांडू लागले आहेत. हे दोन्ही शब्द एकच आहेत का? आणि रेल्वेच्या ‘मेगाब्लॉक’पासून अंगणातल्या ‘पेव्हर ब्लॉक’पर्यंत सगळीकडे ‘अडथळा’ हा एकच प्रतिशब्द चालेल का?

उत्तर १ : हे दोन्ही एक नव्हेत. हृदयाला रक्त पुरवणारी धमनी चरबीच्या थरामुळे अरुंद होते, तेव्हा आपण ‘ब्लॉकेज’ म्हणतो, तर ‘हार्ट ब्लॉक’मध्ये हृदयाच्या वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे जाणारा विद्युतसंदेश उशिरा पोहोचतो किंवा पोहोचतच नाही. त्याच्या ३ पायऱ्या मानतात. पहिलीत सहसा उपचार लागत नाहीत, तिसरीत बहुधा पेसमेकर बसवावा लागतो. अर्थात, निर्णय डॉक्टरांचाच.

उत्तर २ : शब्दाचे मूळ लाकडाच्या ओंडक्यात आहे. ठोकळा या अर्थाने तो पेव्हर ब्लॉकमध्ये टिकला आहे. वाटेत आडवा पडला की तोच ओंडका अडथळा होतो; आपला ‘अडसर’ही मुळात दाराला आतून आडवा लावायचा दांडाच. मेगाब्लॉकमध्ये मात्र रुळांवर काहीही पडलेले नसते. देखभालीसाठी ठरावीक तास तो मार्ग गाड्यांना बंद ठेवलेला असतो, म्हणून तेथे ‘अडथळा’ म्हणणे चुकीचे ठरेल.

उत्तर ३ : माझ्या मते प्रतिशब्द नामात शोधण्यापेक्षा क्रियापदात शोधावा. इंग्रजीत नाक, गटार, रस्ता असे सगळेच ‘ब्लॉक’ होते. मराठीत नाक चोंदते, गटार तुंबते, रस्ता अडतो आणि वाहतुकीची कोंडी होते. ‘माझे नाक तुंबले’ असे कोणी लिहिले तर हसू येईल, इतके हे भेद आपल्या कानात मुरलेले आहेत. फोनवर एखाद्याला ‘ब्लॉक’ करणे मात्र तसेच राहू द्यावे. तेथे संस्कृत शब्द घडवण्याचा खटाटोप मला तरी नकोसा वाटतो.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. अहवाल पुन्हा वाचला, त्यात ‘फर्स्ट डिग्री’ असे लिहिलेले आहे. खर्चाचा कागद तूर्त बाजूला ठेवला असून सोमवारी डॉक्टरांना दोन्ही शब्दांतील फरक धरूनच प्रश्न विचारणार आहे.