बायको नळ सोडून रडते, मी काय करू?

चाकण_सेकंडशिफ्ट:
आमची पहिलीच वेळ. बायकोला पाचवा महिना चालू आहे. रिपोर्ट चांगले, सोनोग्राफीही नॉर्मल. तरी गेले तीन आठवडे ती रात्री बाथरूममध्ये नळ सोडून रडते. परवा दार ढकललं तर बादली भरून वाहत होती आणि ती स्टुलावर बसलेली. "सॉरी" म्हणाली. मी म्हटलं, मला कशाला सॉरी? तर म्हणे, "तुला नाही, बाळाला म्हणाले."

घरी येणारा जो तो तिला सांगतो, "आनंदात राहा हं, रडलीस तर बाळ रडकं होईल." माझी आईसुद्धा. मायेनंच म्हणतात, पण तिनं रडायचं कुठं?

माझंही सांगतो. दीडला घरी येतो, पण पहाटेपर्यंत डोळा लागत नाही. तिचा श्वास ऐकत पडतो. हप्ते, डिलिव्हरीचा खर्च, तिला काही झालं तर... सातव्यात ती माहेरी लातूरला जाणार. तिथं कोण बघणार हे सगळं?

लेकुरवाळी:
दादा, मी मिक्सर लावून रडायचे. रडल्यानं बाळ रडकं होत नाही, हे तिला तुम्ही स्वतः सांगा. आणि आईंशी एकट्यात बोला. रागावू नका, त्यांना त्यांच्या पहिल्या वेळेचं विचारा. आपल्याकडे बायका ते आपणहून बोलत नाहीत.

सिस्टर_ताई:
मी प्रसूती विभागात नर्स आहे. दोन आठवड्यांच्या वर गेलं की थांबायचं नसतं. पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना ही नळाची गोष्ट जशीच्या तशी सांगा, कारण आम्ही विचारलं की पेशंट "बरंय" म्हणून मोकळी होते. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड परत बघायला सांगा, त्यानंही माणूस असं गळून जातं. एडिनबरो नावाची १० प्रश्नांची प्रश्नावली असते, गेल्या ७ दिवसांत कसं वाटलं ते विचारणारी. ती भरून घ्यायला सांगा. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तसं मनात येत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रात्री-अपरात्री टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी असलेल्या सरकारी हेल्पलाइनचा, १४४१६ लावा, फुकट आहे, मराठीत बोलतात. भाऊ, तुमच्यासाठीही लावा.

दोन_लेकींचा_बाप:
ती माहेरी होती तेव्हा मी रोज फोनवर "जेवलीस का, गोळी घेतलीस का" एवढंच विचारायचो. एकदा म्हणाली, "हे आई विचारतेच की." मग मी माझा दिवस सांगू लागलो, भीतीसकट. त्या रात्री पहिल्यांदा तीही तासभर बोलली.

चाकण_सेकंडशिफ्ट:
आईला विचारलं. बराच वेळ लसूण सोलत राहिली, मग म्हणाली, "तुझ्याआधीचं एक राहिलं नाही रे." मला आजवर माहीत नव्हतं. काल दुपारी दोघी आतल्या खोलीत होत्या, दार लोटलेलं. रडण्याचा आवाज दोघींचा होता. मी आत गेलो नाही. उद्या १० वाजता डॉक्टरांकडे जातोय, शिफ्ट बदलून घेतली आहे.