जेवण पोहोचवणाऱ्या अ‍ॅप्सनी हॉटेलवाल्यांकडून घेतलेल्या डिलिव्हरी कमिशनला सरकारी मर्यादा हवी का?

पाचपाखाडीची सुगरण
ठाण्यात पाचपाखाडीला आमचं पोळीभाजी केंद्र आहे. दोघीजणी पोळ्या लाटतात, भाज्या मी आणि सासूबाई करतो. परवा अ‍ॅपचे पैसे जमा झाले, तेव्हा एकच ऑर्डर वहीत उतरवून काढली.

थाळी 200 रुपयांची. ग्राहकाला दिसलेली 20 टक्के सूट माझ्या खिशातली, म्हणजे राहिले 160. कमिशन 25 टक्के, 40 रुपये. त्या कमिशनवर 18 टक्के जीएसटी, 7 रुपये 20 पैसे. आमच्या जेवणावर 5 टक्क्यांचा जीएसटी, त्यामुळे कमिशनवर भरलेला हा कर वळताही होत नाही. हातात आले 112 रुपये 80 पैसे. डबा, झाकण, पिशवीचे 14 गेले. सामान, गॅस, मजुरी धरून थाळीची पडतळ 95. उरले 3 रुपये 80 पैसे, आणि गाळ्याचं भाडं अजून द्यायचंच आहे.

न्यूयॉर्कने मे 2020 मध्ये डिलिव्हरीच्या कमिशनवर 15 टक्क्यांची मर्यादा घातली, इतर शुल्कांना 5 टक्के. ऑगस्ट 2021 मध्ये ती कायम केली. सॅन फ्रान्सिस्कोतही 15 टक्केच. ठाण्यात 15 टक्के असते तर याच थाळीमागे मला 18 रुपये 88 पैसे जास्त मिळाले असते. आपल्या महापालिकेने हा विषय का घेऊ नये?

घोडबंदरकर
ताई, तुमचा हिशेब वाचून वाईट वाटलं, पण मर्यादेला माझा ठाम विरोध आहे. शिकागोने 15 टक्के ठरवले, तेव्हा डोअरडॅश या तिथल्या डिलिव्हरी अ‍ॅपने ग्राहकाच्या बिलात दर ऑर्डरमागे दीड डॉलरचं 'शिकागो शुल्क' लावलं. तुमचे 18 रुपये वाचतील आणि ते कासारवडवलीत बसलेल्या माझ्याकडून घेतले जातील. मग मी दोनऐवजी एकदाच मागवेन, त्यात तुमचं काय भलं?

शिवाय त्या शहरांनीच पुढे ढील दिली. सॅन फ्रान्सिस्कोने 2022 मध्ये हॉटेलला हवं तर जादा पैसे मोजून जादा सेवा घेण्याची मुभा दिली. न्यूयॉर्कने 2025 मध्ये जादा सेवांसाठी आणखी 20 टक्क्यांपर्यंत घ्यायची वाट मोकळी केली. परवडत नसेल तर अ‍ॅपवरून उतरा. कुणी जबरदस्ती केलेली नाही.

पाचपाखाडीची सुगरण
उतरले होते, दादा. अकरा दिवस. गल्ल्यावरचं गिऱ्हाईक तेवढंच राहिलं, संध्याकाळचं पार्सल जवळजवळ बंद पडलं. वर्षभर माझ्याकडून रोज चार पोळ्या आणि मुगाची उसळ मागवणारा एक माणूस आहे. तो कोण, कुठे राहतो, त्याचा नंबर काय, मला काहीच माहीत नाही. मी बंद केलंय आणि फोनवर ऑर्डर घेते, हे त्याला सांगायचं कसं? गिऱ्हाईक माझ्या हातच्या चवीने जोडलं, वही मात्र दुसऱ्याकडे. याला मी तरी स्वखुशी म्हणणार नाही.

कोपरीतला हिशेबनीस
ताईंच्या बाजूने आहे, पण दार चुकतंय. आपल्या महापालिकेला असा दर ठरवायचा अधिकार नाही. अमेरिकेत शहरांना तो वापरता आला, आपल्याकडे हे काम राज्य किंवा केंद्राचंच.

आणि सरकारने मध्यस्थाच्या वाट्यात हात घालूच नये असं म्हणणाऱ्यांनी स्टेशनबाहेरची रिक्षा आठवावी. 1 फेब्रुवारी 2025 पासून पहिल्या दीड किलोमीटरला 26 रुपये, हे सरकारी प्राधिकरणानेच ठरवलं. अ‍ॅपवरून टॅक्सी जोडून देणाऱ्या कंपन्यांसाठीच्या (अ‍ॅग्रीगेटर) केंद्राच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत टॅक्सीचालकाला भाड्याच्या किमान 80 टक्के मिळावेत असं लिहिलं होतं. चालकासाठी जे चालतं ते स्वयंपाक करणाऱ्यासाठी का नाही?

झोमॅटो-स्विगीविरुद्ध हॉटेलमालकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या तक्रारीवर स्पर्धा आयोगाने एप्रिल 2022 मध्ये चौकशीचा आदेश दिला होता. अशा चौकशीला वर्षं लागतात, आणि पोळीभाजी केंद्राला दर महिन्याच्या पाच तारखेला भाडं द्यावं लागतं. म्हणून निवेदन द्यायचंच तर मंत्रालयात द्या.

वाशीचा रायडर
माझं कुणी विचारत नाही म्हणून लिहितो. मर्यादा आली की कंपनी पहिला हात आमच्या रेटला लावेल, ही आमची भीती आहे. आणि हॉटेलवाल्यांनो, सेक्टर 17 मध्ये रात्री साडेनऊला तुमच्या दारात आम्ही पंचवीस-पंचवीस मिनिटं ताटकळतो. पावसात आत उभं राहू देत नाही. एका ठिकाणी पाणी मागितलं तर बाटली विकत घे म्हणाले. ऑर्डर तयार नसताना 'रेडी' दाबता, त्या वेळेचे पैसे आम्हाला मिळत नाहीत. 15 टक्के मागा, पण रायडरचा दर कमी होणार नाही हे त्याच कागदावर लिहून मागा.

पाचपाखाडीची सुगरण
भाऊ, 'रेडी' आधी दाबण्याची चूक आमच्याकडूनही झालीय. उशीर दिसला की रेटिंग घसरतं, या धास्तीने दाबलं जातं. तुमचं वाक्य निवेदनात पहिल्या पानावर घालते.

घोडबंदरकर
वाचलं. गिऱ्हाइकाची वही दुसऱ्याकडे, हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. तरी 15 चा आकडा सरकारने ठरवण्याला माझी सही मिळणार नाही. गल्लीतल्या केंद्राला आणि मॉलमधल्या साखळी हॉटेलला एकच आकडा कसा लावणार? त्यापेक्षा माझ्या बिलावर स्पष्ट छापा: 160 मधले हॉटेलला किती, अ‍ॅपला किती, रायडरला किती. आणि माझी संमती असेल तर माझा नंबर हॉटेलला मिळू द्या. एवढंच मागणारं निवेदन असेल तर आमच्या सोसायटीतल्या सह्या मी गोळा करतो.