वजनाच्या ऑपरेशननंतरचं ताट: नाशिककरांनो, तुमचे अनुभव लिहा

बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रिया झालेली आहे असं कळलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. खर्च किती आला आणि किलो किती उतरले. त्यापुढे कुणी जात नाही. वाटीभर जेवणाऱ्या माणसानं लग्नाच्या पंगतीत काय करायचं, मिसळ कायमची सुटते का, घरात दोन स्वयंपाक होतात का, चतुर्थीला काय खायचं, हे विचारायला कुणी सापडत नाही. या धाग्यावर तेच लिहूया. किलोंचे आकडे नाही लिहिलेत तरी चालेल. आणि हे अनुभव आहेत, सल्ला ज्याच्या त्याच्या डॉक्टरांचा.

सुरुवात मीच करते. माझी स्लीव्ह झाली. म्हणजे जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. भुकेचा संदेश देणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतं, त्यामुळे पहिले काही महिने भूक अशी लागतच नाही. पण खावंसं वाटतं! कॉलेज रोडवरून संध्याकाळी गाडीवर जाताना तळणीचा वास आला की वाटतंच. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून इथे ठळक लिहितेय.

सगळ्यात अवघड गेलं ते पाणी. जेवताना पाणी नाही आणि जेवणानंतर अर्धा तास तरी नाही. आमच्याकडे ताटाआधी तांब्या-भांडं मांडतात. हात आपोआप तिकडे जायचा. शेवटी मी तांब्या ओट्यावरच ठेवायला लागले. एरवी दिवसभर घोट घोट पाणी पीत राहावं लागतं, कारण घटाघट पिता येत नाही आणि एप्रिल-मेमध्ये अंगातलं पाणी कमी झालं तर थेट चक्कर. बाटली नसेल तर मी रविवार कारंज्यापर्यंतसुद्धा जात नाही.

आणि हो, मिसळ खाते. आधी सहा-सात महिने नाही, तिखटही झेपत नव्हतं. आता मोड आलेल्या मटकीची उसळ, वर दही, रस्सा चमचाभर. पाव नाही. पाव आत जाऊन लगदा होतो आणि छातीच्या खाली अडकल्यासारखा बसतो, मग तोंडाला पाणी सुटून सगळं उलटतं. फरसाण नवऱ्याच्या ताटात.

आता तुम्ही लिहा.

जेलरोडची_वहिनी

ताई, छान विषय काढलात. माझी बायपास झाली, मुख्य कारण शुगर. बायपासमध्ये जठराची अगदी लहान पिशवी करून ती लहान आतड्याला पुढच्या टप्प्यावर जोडतात. त्यामुळे गोड खाल्लं की ते थेट आतड्यात उतरतं. पाडव्याला श्रीखंडाचे दोन चमचे खाल्ले आणि दहा-पंधरा मिनिटांत धडधड, घाम, पोटात कळ, आडवं व्हावं लागलं. याला डंपिंग म्हणतात हे आहारतज्ज्ञ बाईंनी आधीच सांगितलं होतं, पण ऐकणं वेगळं आणि भोगणं वेगळं. काहींना जेवणानंतर एक ते तीन तासांनी साखर खाली येऊन हातपाय थरथरतात, तेही त्यातलंच.

खरी परीक्षा हळदीकुंकवाची. "अगं एवढीशी जिलबी, त्यानं काय होतंय?" मी सुरुवातीला कारणं सांगत बसायचे. आता सरळ म्हणते, "मला शुगर आहे, डॉक्टरांनी बंद केलंय." शुगर म्हटलं की लोक गप्प बसतात, ऑपरेशन म्हटलं की चर्चासत्र भरतं. सासूबाईंना मात्र प्रसाद नाकारणं पटेना. मग आमचं ठरलं: शिऱ्याचे चार कण जिभेवर, बाकी त्यांनी खायचा. त्या खूष.

केसांचं सांगते, कारण बायका यानं घाबरतात. तिसऱ्या महिन्यापासून पुंजकेच्या पुंजके हातात यायला लागले. वजन झपाट्यानं उतरलं की असं होतं आणि बहुधा काही महिन्यांत थांबतं, असं डॉक्टर म्हणाले. प्रथिनं आणि लोह नीट घ्यायला सांगितलं. तेलं बदलून काही झालं नाही, वेळ गेल्यावर परत आले. मधल्या काळात मी केस कापून टाकले. बरी दिसते असं माझी मुलगी म्हणते.

अंबडचा_शिफ्टवाला

आमच्याकडे जेवणाची सुट्टी लहान. पूर्वी मी पाच मिनिटांत डबा संपवून उरलेल्या वेळात पाठ टेकायचो. आता एक वाटी संपायला सगळी सुट्टी जाते. घास अगदी बारीक होईपर्यंत चावायचा, मग पुढचा. सोबतचे म्हणायचे, "काय रे, रवंथ करतोस का?" म्हणू दे.

दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं हवीत असं मला सांगितलंय, आणि एवढ्याशा पोटात ती बसवणं म्हणजे रोजचं गणित. म्हणून डब्यात आधी अंडी किंवा पनीर, मग डाळ, मग भाजी, आणि जागा उरली तर चतकोर भाकरी डाळीत कुस्करून. जागा बहुतेक उरत नाही. प्रोटीन पावडरचा वास मला सहन होत नाही, ताकात जिरेपूड घालून कालवली तर जाते. रात्रपाळीला वेळापत्रक कोलमडतं, त्यावर मला अजून पक्का उपाय सापडलेला नाही. कुणाकडे असेल तर लिहा.

पार्टीबद्दल: बायपासवाल्यांनी दारूपासून जपा. ती फार लवकर आणि जास्त चढते, उतरायलाही वेळ लागतो. बाहेरगावचे मित्र द्राक्षांच्या गावी आले की त्यांना वायनरी बघायचीच असते. मी गाडी चालवतो.

चिवडा_सम्राट

ज्यांच्या ऑपरेशनला काही वर्षं झालीत त्यांच्यासाठी लिहितो. पहिलं वर्ष सगळ्यांचं छान जातं. खरी गंमत नंतर. माझं वजन खाली येऊन स्थिरावलं आणि मग थोडं वर चढलं. थोडंफार चढणं बऱ्याच जणांच्या बाबतीत होतं म्हणे. माझं चढलं ते आपल्या नाशिकच्या चिवड्यानं. पोळी दोन घासांत पोट भरवते, पण चिवडा, वेफर्स, बिस्किटं चुरा होऊन सरकत जातात. पोट भरल्याची सूचनाच येत नाही. टीव्हीसमोर बसून पाव किलोचं पाकीट संपू शकतं, लहान जठर असतानासुद्धा! तेच आइस्क्रीमचं आणि गोड लस्सीचं.

ऑपरेशन म्हणजे आळशी लोकांचा सोपा मार्ग, असं म्हणणारे मला भेटतात. त्यांना मी एवढंच सांगतो की हा सोपा मार्ग तुम्ही एक आठवडा चालून दाखवा, तेही दिवाळीच्या.

आता चिवडा घरात येतो तो पाहुण्यांसाठी, आणि बायको तो कुठे ठेवते ते मला माहीत नाही. शोधलाही नाही. (बरं, एकदा शोधला.)

पाथर्डी_फाटा

रुग्ण मी नाही, माझी आई. घरच्यांच्या बाजूनंही कुणी लिहायला हवं.

सुरुवातीचे पातळ पदार्थांचे आठवडे आईपेक्षा आम्हाला जड गेले. ती डाळीचं गाळलेलं पाणी पिणार आणि आम्ही शेजारी बसून वांग्याचं भरीत-भाकरी खाणार, घास उतरेना. मग पातळाचं दाट, दाटाचं मऊ, असं करत महिना-दीड महिन्यानं ती आमच्या ताटाशी आली. तोवर घरातली फोडणी निम्म्या तेलावर आली होती. बाबांचं पोटही कमी झालं, फुकटात.

उपवास हा वादाचा मुद्दा होता. आई श्रावणी सोमवार सोडायला तयार नाही. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीत आणि तो चिकटतो. तडजोड अशी की उपवासाला दही, पनीर, थोडं राजगिऱ्याचं. आम्ही शाकाहारी, त्यामुळे बी-१२ वर डॉक्टरांचं विशेष लक्ष. या गोळ्या आयुष्यभर आहेत हे स्वीकारायला तिला वेळ लागला. "बरी झाले ना, मग गोळ्या कशाला?"

गमतीची गोष्ट: पाटल्या मनगटातून निसटायला लागल्या. सराफ बाजारात लहान करायला नेल्या तर ओळखीचे सराफ म्हणाले, "काकू, आजारी होता का?" आई घरी येईपर्यंत हसत होती. नंतर मात्र सैल पडलेल्या दंडांची कातडी बघून गप्प झाली, आणि ते आम्ही हसण्यावारी नेलं नाही. लांब बाह्यांचे ब्लाउज शिवले.

नाशिकरोडचे_काका

मी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर चालतो. आधी एक फेरी, बाकावर बसणं, रिक्षा. आता पांडवलेणीच्या पायऱ्या चढतो, मध्ये थांबत, पण चढतो. रात्री श्वास अडकत असे म्हणून मशीन लावून झोपायचो. वजन उतरल्यावर पुन्हा झोपेची तपासणी झाली आणि मगच डॉक्टरांनी ते बंद केलं. बरं वाटतंय म्हणून स्वतःच्या मनानं मशीन काढू नका.

गुडघेदुखीवाल्यांनो, मेडिकलमधून परस्पर वेदनाशामक घेऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक जातीच्या गोळ्यांनी, विशेषतः बायपासनंतर, अल्सरचा धोका वाढतो. दाताच्या डॉक्टरांकडे गेलो तरी मी आधी ऑपरेशनचं सांगतो.

नवी_मी

आत्तापर्यंत फक्त वाचत होते. माझं लग्न झालंय आणि ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष दिवस राहू द्यायचे नाहीत असं डॉक्टरांनी बजावलंय, कारण त्या काळात शरीराची भर कमी आणि घट जास्त असते. वजन उतरल्यावर पाळी नियमित होते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते, त्यामुळे काळजी घ्यावीच लागते. नातेवाईक मात्र "आता बारीक झालीस, आता काय अडचण?" म्हणतात. नवऱ्यानं परवा मावशींना सांगितलं, "अडचण मला आहे, मावशी." विषय संपला.

एक प्रश्न आहे. लोहाची गोळी सकाळी चहासोबत घेतली तर चालते का? तीच एक वेळ लक्षात राहते.

जेलरोडची_वहिनी

नाही गं, चहासोबत नको, लोह नीट शोषलं जात नाही. मला लिंबूपाण्याबरोबर घ्यायला सांगितलंय, साखर न घालता. आणि कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेऊ नकोस, दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर ठेव. मी लोह सकाळी अकराला घेते, कॅल्शियम जेवणानंतर. मोबाइलवर दोन गजर लावलेत. सासूबाईंना त्यांचे आवाज पाठ झालेत, मी विसरले तर त्याच हाक मारतात.