700 डॉलरचे विमान: जाहिरातबाजी की अर्धवट राहिलेले काम?

धागालेखक: युजीन व्हिडाल यांची 1933 सालची 700 डॉलरच्या विमानाची घोषणा म्हणजे निव्वळ जाहिरातबाजी होती, असे येथील एका लेखात परवा वाचले. ते फार खटकले म्हणून सविस्तर लिहीत आहे. मंदीने अमेरिकेतील विमानकारखाने ओस पडले असताना सरकारी हवाई विभागाचा प्रमुख मोटारीच्या किमतीत विमान देऊ पाहत होता. ती किंमत कधीच साधली नाही, हे मान्य. तरीही नवशिक्याच्या हातून अपघात होणार नाही असे विमान कसे असावे, हा प्रश्न अभियंत्यांपुढे त्यांनीच ठामपणे मांडला.

प्रतिसाद 1: मोटारी बनवणाऱ्या हेन्री फोर्ड यांचे ‘फ्लिव्हर’ हे छोटे विमान 1926 मध्येच उडाले होते; 1928 मध्ये वैमानिक हॅरी ब्रुक्स त्याच प्रकारच्या विमानासह समुद्रात कोसळून मृत्युमुखी पडले आणि फोर्डनी तो नाद सोडला. हा अनुभव समोर असताना पुन्हा तीच आशा का दाखवायची? नवशिक्यालाही चालवता यावे म्हणून अभियंते फ्रेड वाइक यांनी आखलेल्या ज्या ‘एरकूप’ विमानाचे गोडवे गायले जातात, ते दुसऱ्या महायुद्धानंतर मेसीज या दुकानात विकायला आले तेव्हा किंमत 3,000 डॉलरच्या आसपास होती. शिवाय त्याला रडरची, म्हणजे शेपटीचे सुकाणू पायाने वळवायची, पेडले नव्हती! मी उड्डाण शिकलो तेव्हा आडव्या वाऱ्यात पाय चुकला म्हणून प्रशिक्षकांनी मला आठवडाभर एकट्याने उडू दिले नाही; ती शिस्त काढून टाकणे म्हणजे सुरक्षितता नव्हे.

धागालेखक: तुम्ही त्या विमानात बसला आहात का? ओहायोत शेजाऱ्यांच्या जुन्या एरकूपमधून मी उतरलो आहे. वाऱ्यामुळे ते तिरपे धावपट्टीवर टेकले आणि चाके लागताच आपोआप सरळ झाले. एलेव्हेटरची (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या भागाची) हालचालच मर्यादित ठेवल्यामुळे ते गिरकीत, म्हणजे गरगरत खाली कोसळण्यात, सापडत नाही. त्या काळी गिरकीने किती विद्यार्थी गमावले, हे शिस्तीची महती सांगणाऱ्यांनी विसरू नये.

प्रतिसाद 2: गिरकी टळली, पण वेग फार कमी झाला की तेच विमान झपाट्याने खाली बसते, आणि जमीन जवळ असेल तर सावरायला उंची उरत नाही. हे शेजाऱ्यांनी सांगितले नाही का?

प्रतिसाद 1: नाकाखालच्या चाकामुळे उतरणे सोपे झाले, एवढे मी नाइलाजाने मान्य करतो. पेडलांबाबत मात्र माझे मत तेच आहे.

धागालेखक: 1946 मध्ये एरकूपची 4,000 हून अधिक विमाने बनली आणि पुढच्या वर्षी बाजारच बसला. तो पेडलांमुळे बसला नाही.