मदत हवी आहे: क्वालालंपूरला एकच दिवस, सोबत दोन आज्या. गाईड घ्यावा का?

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या सुट्टीत मलेशियाचं ठरलंय. रविवारी रात्री उशिरा क्वालालंपूरला उतरतोय आणि मंगळवारी सकाळी लंकावीचं विमान. म्हणजे शहरासाठी हातात फक्त सोमवार. माणसं पाच: मी, नवरा, सातवीतला लेक, माझी आई आणि साबा (सासूबाई). आईचा उजवा गुडघा गेल्या वर्षी बदललाय. सपाटीवर ती माझ्या पुढे चालते, पायऱ्या दिसल्या की थांबते. साबांचे पाय ठणठणीत, पण चातुर्मास चालू असणार, त्यामुळे कांदा-लसूण बंद.

एका टूरवाल्याने कार्यक्रम पाठवलाय. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. राजवाडा, राष्ट्रीय स्मारक, राष्ट्रीय मशीद, मर्डेका चौक, चायनाटाउन, चॉकलेटचं दुकान, बाटिकचं दुकान, बातू केव्हज (गुहेतलं देऊळ) आणि शेवटी ट्विन टॉवरच्या पुलावर. मी कागद घेऊन मिनिटं मांडली. मशिदीला वीस मिनिटं येतात आणि चॉकलेटला पाऊण तास.

नवरा म्हणतो गाईडच नको, ग्रॅब (मोबाइलवरून टॅक्सी) मागवायची आणि फिरायचं. मला गाईड हवाय, कारण माझ्या आईला प्रश्न पडतात. चिनी लोक इथं कधी आले, ही मशीद कुणी बांधली, यांची एकमेकांत लग्नं होतात का. मी मोबाइलमध्ये डोकं खुपसून उत्तर शोधेपर्यंत ती पुढच्या प्रश्नावर पोचलेली असते.

आणि एक शेवटचं, हसू नका. बातू केव्हजचा मुरुगन म्हणजे आपला कार्तिकस्वामी, हे लेकाने जेवताना वाचून दाखवलं आणि साबा गप्पच झाल्या. त्यांचं माहेर पर्वतीच्या पायथ्याशी. तिथल्या कार्तिकस्वामीच्या देवळात बायका जात नाहीत हे त्या लहानपणापासून पाळत आल्यात. कार्तिकी पौर्णिमेला कृत्तिका नक्षत्र असलं तर तेवढी मुभा. "तुम्ही या जाऊन, मी गाडीत बसते," म्हणाल्या. एवढ्या लांब नेऊन त्यांना पार्किंगमध्ये बसवायचं का? काय करू?

तिसरीघंटा:
पहिली गोष्ट, सोमवारी ट्विन टॉवरचा पूल आणि वरचा मजला पर्यटकांना बंद असतो. तुमच्या टूरवाल्याला हे माहीत नसेल तर बाकीच्या यादीचं काय घेऊन बसलात! आधी त्याला वार विचारा.

घाटवाटा:
नवऱ्याशी सहमत. केएल सेंट्रलहून कोम्युटर ट्रेन थेट बातू केव्हजला जाते, स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच देऊळ. तिकीट दोन-तीन रिंगिट. गाईडला पैसे कशाला?

रबरबाग:
घाटवाटा, ट्रेन छानच आहे, पण तिला पाच मिनिटं उशीर झाला तरी या घरातल्या प्रश्नांची संख्या वाढणार. :)

मी नऊ वर्षं क्वालालंपूरला होतो, पाहुण्यांना फिरवून फिरवून माझा एक दिवस ठरून गेला होता, तो सांगतो. ग्रुप टूर घेऊ नका. माणशी पैसे पाच जणांचे गुणून बघा, खासगी गाडी आणि गाईड त्याच्या आसपास जातो. गाईडला तिथे पर्यटन मंत्रालयाचा परवाना लागतो आणि ओळखपत्र गळ्यात असतं, ते आधीच मागा. आणि फोनवर स्पष्ट विचारा: दुकानं किती? "फक्त दहा मिनिटं" असं उत्तर आलं तर दुसरा शोधा.

सकाळी साडेसातला बातू. नऊनंतर ऊन आणि बसगाड्या दोन्ही वाढतात. पायऱ्या २७२, म्हणजे पर्वतीच्या अडीचपट, आणि चढ चांगलाच उभा. २०१८ पासून त्या रंगवलेल्या आहेत, फोटोत सगळ्यांना तेच हवं असतं. शेजारी ४२.७ मीटरचा सोनेरी मुरुगन, तो २००६ सालचा. तुमच्या आईंनी वर जायची काही गरज नाही. डाव्या हाताला स्टेशनच्या बाजूला रामायण गुहा आहे, बाहेर हिरवा पन्नास फुटी मारुती, आत कुंभकर्ण आडवा पडलेला. तिकीट काढून आत जायचं, खालचा भाग सपाटीवरच आहे. हातात प्लास्टिकची पिशवी ठेवू नका. माकडांना आत काय आहे याच्याशी देणंघेणं नसतं, पिशवी दिसली की पुरे. गुडघे झाकलेले हवेत, नाहीतर पायथ्याशी लुंगीसारखं कापड भाड्याने घ्यावं लागतं.

तिथून शहरात या आणि अख्खी दुपार एका रस्त्याला द्या: जालान तुन एच. एस. ली. एका बाजूला श्री महामारिअम्मनचं देऊळ, १८७३ सालचं. थैपूसमला, म्हणजे मुरुगनच्या उत्सवाला, चांदीचा रथ इथूनच रात्री निघतो आणि सुमारे पंधरा किलोमीटर चालत बातूला पोचतो, मागे लाखो लोक. पालखी बघितलेल्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही. समोरच चिन्यांच्या ग्वान दी या युद्धदेवाचं देऊळ, छताला टांगलेल्या उदबत्त्यांच्या मोठमोठ्या गुंडाळ्या, धुराने डोळे चुरचुरतात. पलीकडे जरा आत सिन सी सी या हे देऊळ, १८६४ चं, याप आह लॉयने उभारलेलं. हा इथल्या चिन्यांचा कापितान, म्हणजे मुखिया. १८५७ मध्ये, आपल्याकडे बंड पेटलं होतं त्याच साली, कथिल शोधायला आलेले चिनी खाणकामगार इथं उतरले आणि गाव वसलं. क्वाला लुंपूर म्हणजे गढूळ पाण्याचा संगम. क्लांग आणि गोंबाक या दोन नद्या जिथे मिळतात तिथेच, त्रिकोणी जागेवर, जामेक मशीद आहे, १९०९ ची. लाल विटा, मध्ये पांढरे पट्टे. हबॅक नावाच्या इंग्रज वास्तुविशारदाचं काम. वरून घालायचा झगा दाराशी मिळतो. नमाजाच्या वेळी पर्यटकांना आत सोडत नाहीत, तेवढं बघून जा.

मर्डेका चौक तिथून चालत. १८९७ ची सुलतान अब्दुल समद इमारत बघितली की मुंबईचं जीपीओ आठवेल, बांधणीची शैली त्याच जातीची. ३१ ऑगस्ट १९५७ ला मध्यरात्री इंग्रजांचा झेंडा उतरला तो इथेच. राजवाडा गाळा. फाटक आणि घोड्यावरचा शिपाई, बाकी काही दिसत नाही. हां, राजा दर पाच वर्षांनी बदलतो, नऊ संस्थानांचे राजे आळीपाळीने गादीवर येतात, हे आईंना गाडीतच सांगा, त्यांना आवडेल.

तीनच्या सुमाराला पाऊस कोसळणार हे धरून चाला. त्या वेळी सेंट्रल मार्केटमध्ये शिरा, पूर्वीची मंडई आहे, १८८८ ची. ट्विन टॉवर संध्याकाळी खालच्या बागेतून बघा. वर गेलं की टॉवर दिसतच नाही.

कोलम:
मी तमिळ घरातली सून, माहेर साताऱ्याचं. साबांचा प्रश्न मला हसण्यासारखा अजिबात वाटला नाही, लग्नानंतर पहिल्या वर्षी माझीही हीच पंचाईत झाली होती. आपल्याकडचा कार्तिकस्वामी ब्रह्मचारी, म्हणून ती रीत. तमिळांचा मुरुगन संसारी आहे, वळ्ळी आणि देवयानै अशा दोन बायका. सासरी तर मुलंबाळं होऊ देत म्हणून बायकाच त्याला नवस बोलतात, थैपूसमला डोक्यावर दुधाचे तांबे घेऊन त्याच पायऱ्या चढतात. हे त्यांना एकदाच सांगा आणि मग गप्प बसा. त्यांचं त्यांना ठरवू दे.

साखरभात:
जेवणाचं सांगते. भारतीय हॉटेलात कांदा-लसूण चुकवणं कठीण, आमटीपासून सगळ्यात असतो. त्यापेक्षा चिनी शाकाहारी खानावळ शोधा. बौद्ध शाकाहारात कांदा-लसूणही चालत नाही, त्यामुळे साबांना तिथे निवांत जेवता येईल. फक्त एक धोक्याची सूचना: सोयाबीनचं बदक करतात आणि ते हुबेहूब बदकासारखं दिसतं. नासी लेमाकपासून लांब राहा, वरून साधा नारळी भात दिसतो पण सांबलमध्ये (मिरचीच्या चटणीत) कोळंबीची पेस्ट आणि वर सुकी मासोळी. लेकाला रोटी चनाई (पराठ्यासारखी) आणि तेह तारिक (फेसाळ चहा) द्या, खूश होईल. आणि हो, डिजिटल अरायव्हल कार्ड पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरा. सरकारी साइटवर फुकट आहे, पैसे मागणारी साइट असली तर ती खोटी.

मूळ लेखिका:
सगळ्यांचे मनापासून आभार. आम्ही परत आलो, कपडे अजून दोरीवर आहेत, पण इथे लिहायचं राहायला नको.

तो टूरवाला रद्द केला. सोमवारचं विचारलं तर "बाहेरून दाखवू" म्हणाला. रबरबागनी सांगितलं तसं ओळखपत्र बघून एक गाईडबाई ठरवल्या, तमिळच, पणजोबा रबराच्या मळ्यावर आलेले. आईने पहिल्या दहा मिनिटांत त्यांचा वंशवृक्ष काढून घेतला.

बातूला पावणेआठला पोचलो. आई आणि मी मारुतीपाशी थांबलो. साबा गाडीतून उतरल्या, पण पदर डोक्यावर आणि नजर खाली. पायथ्याशी एका तान्ह्या बाळाचं मुंडण चाललं होतं. न्हाव्याच्या मांडीवर ते किंचाळतंय, आई-बाप दोन्ही बाजूंनी हात धरून, आणि केस उतरल्यावर आजीने त्या गुळगुळीत डोक्याला गंधाचा पिवळा लेप फासला. साबा थबकल्या. "अगं, हे तर जावळ!" मग गाईडबाईंना विचारलं, केस कितव्या महिन्यात काढता, मामा लागतो का. दोघींचं खूप वेळ बोलणं झालं, एकीचं इंग्रजी, दुसरीचं मराठी.

नंतर बघितलं तर त्या लेकाचा हात धरून पायऱ्या चढत होत्या. वर अर्धा तास होत्या. गाभाऱ्यासमोर उभ्या राहिल्या की नाही ते मी विचारलं नाही, आणि लेकाला विचारलं तर म्हणाला, "आजी वरती उजेड बघत होती." वरच्या गुहेचं छत एका ठिकाणी उघडं आहे म्हणे, तिथून ऊन खाली येतं.

दुपारचं बदक टेबलावर आल्यावर मात्र साबांनी ताट सरळ नवऱ्याकडे सरकवलं. सोयाबीन आहे हे तीन वेळा सांगून झालं. शेवटी भात, पालेभाजी आणि टोफूवर भागलं.

लेकाने दिवसभर पाट्या वाचून वहीत शब्द लिहिले: सुरिया, बहासा, पुत्रा, नेगारा. इस्ताना म्हणजे राजवाडा, मूळ आपलं आस्थान, हे गाईडबाईंनी सांगितल्यावर आईने वही मागून घेतली, ती अजून तिच्याकडेच आहे.

घाटवाटा, नवऱ्याची हौस म्हणून संध्याकाळी ट्विन टॉवरहून हॉटेलपर्यंत आम्ही ट्रेननेच आलो. चुकीच्या दिशेच्या. गाईडबाईंचा नंबर इथे उघड देत नाही, हवा असेल त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.