सड्यावर काजू लावायचा की सडा तसाच ठेवायचा?

वर्षा_डोंबिवली
राजापूर तालुक्यात आमचा सामाईक सडा, म्हणजे उघड्या कातळाचं पठार आहे, सव्वा एकराच्या आसपास. सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, म्हणून लागलाय. दिरांनी ठरवलंय की पावसाआधी जेसीबी लावून कातळ फोडायचा, खालून माती आणून भरायची आणि काजूची कलमं लावायची. यांच्या मागे हिस्सा माझ्या नावावर आला, त्यामुळे माझी सही लागते.

गेल्या जूनमध्ये मी गावी होते. पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर संध्याकाळी सड्यावर गेले. जिकडेतिकडे बेडकांचा आवाज. कातळातल्या ताटाएवढ्या खळग्यांत पाणी साचलेलं आणि त्यात अंडी. पुतण्याने एक सपाट दगड सरकवला, तर खाली वीतभर लांब, जांभळट करडं, गांडुळासारखं काहीतरी वळवळलं. सापाचं पिल्लू समजून तो काठी मारणार होता, मी हात धरला. ते काय असावं? आणि कातळ फोडला तर हे सगळे शेजारच्या सड्यावर जातील का? भाऊजी वाईट नाहीत. दोन मुलं शिकतायत, भातात काही उरत नाही. त्यांच्याशी बोलायचं कसं तेही सांगा.

कातळवाट
वर्षाताई, हात धरलात ते फार बरं केलंत. वर्णनावरून ते देवगांडूळ वाटतं. साप नाही, गांडूळही नाही. बेडकाच्याच गणगोतातला बिनपायांचा उभयचर. अंगावर वळी असतात, त्वचा ओली बुळबुळीत, डोळे जेमतेम दिसतात, पण तोंडात दात असतात. वाळा साप आणि हे यांत लोकांची गल्लत होते. वाळ्याचं अंग कोरडं, चकचकीत, खवल्यांचं असतं.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावातून २००३ साली एका देवगांडुळाची नवी प्रजाती नोंदवली गेली. ते अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देतं, हे २००८ साली प्रसिद्ध झालं. आशियातल्या उभयचरात अशी ती पहिली नोंद! त्याच डोर्ल्यातून १९६३ साली पांढऱ्या पट्ट्यांची एक छोटी पालही शास्त्राला कळली होती, तीही सड्यावरच्या दगडांखालीच राहते. तुमच्या दगडाखाली नेमकी कोणती प्रजाती होती ते फोटोशिवाय सांगणार नाही.

शेजारच्या सड्यावर जातील का? नाही जात. वीतभराचं, बिनपायांचं, कातडी ओली ठेवावी लागणारं जनावर तापलेला कातळ ओलांडून जाणार कुठे? बेडकांची अंडी तर त्या खळग्यातच असतात. पाऊस आठवडाभर दडी मारून बसला की खळगे आटतात आणि पिल्लं वाळून जातात, हे मी दर दोन-तीन वर्षांनी बघतो. एवढ्या काठावर जगणाऱ्यांच्या डोक्यावरचा दगडच काढून गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला लावला, तर उरतं काय? २०२३ च्या जागतिक आढाव्यात उभयचरांच्या ४१ टक्के प्रजाती धोक्यात निघाल्या. पोटखराबा हा शब्द महसुलाचा आहे. बेडकाच्या लेखी तेच घर.

एक विनंती. दगड उचलाल तेव्हा पलीकडची कड धरून आपल्याकडे उचला, खाली फुरसं, म्हणजे विषारी साप असू शकतो. आणि तो होता तस्साच परत ठेवा.

बागायतदार_राजापूर
मी शेतकरी आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने सांगतो. नऊ वर्षांपूर्वी अर्धा एकर सडा मीच फोडला. मातीचे ट्रक, कलमं, टाकी, पाइप. पहिल्या दोन पावसांत निम्मी माती धुपून खाली गेली. मुळं कातळाला टेकली की झाड एप्रिल-मेमध्ये पिवळं पडतं, रोज पाणी घालावं लागतं. वर वानरांचा त्रास. घराखालच्या उताराच्या जमिनीतली माझी कलमं याहून कितीतरी बरी आहेत, त्यांना मी जवळजवळ पाणी घालत नाही.

भाऊजींना बेडकांचं नंतर सांगा, आधी हा हिशोब मांडा. सड्यातून झिरपलेलं पाणी खालच्या विहिरींना मिळतं, तेही सांगा. लागवड झालीच, तर तणनाशक तरी मारू देऊ नका. बेडूक कातडीने पाणी घेतो, विषही तसंच घेतो. माझ्या त्या अर्ध्या एकरात आता पावसात आवाज येत नाही. ते मनाला लागतं.

पाणवठा
ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, २००२ च्या जैवविविधता कायद्याने. लोक जैवविविधता नोंदवहीत तुमच्या सड्याची नोंद करायला सांगा. खाजगी जमिनीला त्याने कुलूप लागत नाही, पण कागदावर ‘इथे काही नाही’ असं तरी राहत नाही. आणि कातळावर कुठे कोरीव रेषा आहेत का तेही बघून ठेवा. आपल्याकडची कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, ती याच सड्यांवर आहेत.

वर्षा_डोंबिवली
सगळ्यांचे आभार. काल फोनवर बागायतदारांचा हिशोब वाचून दाखवला. भाऊजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, उताराकडच्या पट्ट्यात आधी लावून बघू, सड्याचं पुढच्या वर्षी ठरवू. सही अजून केलेली नाही. पुतण्या मात्र विचारतोय, जूनमध्ये येताना चांगली बॅटरी आणशील का, त्याला ते देवगांडूळ पुन्हा बघायचंय. कातळवाट, फोटो काढला की इथेच टाकते.