सँट्रो झिंग 2007: गरम झाली की घाटात बंद पडते. फ्युएल पंप बदलावा का? (सातारा, बजेट 3000)

पायथ्याचा_सातारकर
नमस्कार मंडळी. गाडी सँट्रो झिंग, 2007 ची, पेट्रोल, गॅस किट नाही. बाबांनी घेतलेली, आता मी वापरतो. सकाळी थंड असताना एका सेल्फला चालू होते. पुण्याहून येताना खंबाटकीत चढाला पिकअप गेला, गचके दिले आणि बंद. मग कितीही सेल्फ मारा, ढिम्म. अर्धा-पाऊण तास बाजूला उभी केली की काही झालंच नाही अशा थाटात चालू. परवा यवतेश्वरच्या चढालाही तेच.

गॅरेजवाल्यानं बॉनेट न उघडताच सांगितलं, "पंप गेला, पूर्ण असेंब्ली (मोटर, जाळी, गेज असा अख्खा संच) टाका, सात-साडेसात हजार." माझं बजेट 3000, मजुरी धरून. पासिंग 2027 पर्यंत आहे, त्यानंतर गाडी ठेवणार नाही. पंपच गेलाय हे घरी कसं ओळखायचं? नुसती मोटर बदलून चालतं का? साताऱ्यात कुणाकडे जाऊ?
कृपया 'गाडी विका' असं सांगू नये.

कराडचा_वाघ
वाईट वाटून घेऊ नका दादा, पण विका. मी दिवाळीत कंपनीची सीएनजी घेतली, कराड-सातारा रोजचं जाणंयेणं, खर्च निम्म्यावर आला. जुन्या गाडीत पैसा घालणं म्हणजे विहिरीत घालणं.

विश्रामबागकर
माझ्या 2001 च्या एस्टीमला सेम टू सेम लक्षणं होती. सरळ बॉशचा पंप टाकला, सोबत जाळी, फिल्टर, सगळं नवीन. एस्टीमची पूर्ण टाकी खाली घ्यावी लागते, फिटरनं अख्खा दिवस घेतला. खर्च विचारू नका, पण त्यानंतर गाडीनं एकदाही मान खाली घातली नाही. स्वस्तातलं काही टाकू नका. असेंब्लीच टाका.

पायथ्याचा_सातारकर
@विश्रामबागकर, बजेट 3000 आहे हो.

विश्रामबागकर
बजेट वाढवा. टोचन करून आणायला किती लागतात ते एकदा विचारा, मग कळेल.

जुनं_ते_सोनं_वाई
म्हणून मी अजून कार्ब्युरेटरची मारुती 800 ठेवलीय. तिचा पंप इंजिनावरच, कॅमवर चालणारा, आत साधा डायफ्राम. ना रिले (पंपाला करंट देणारा स्विच), ना फ्यूज, ना ते ईसीएमचं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं, नाटक. पसरणी घाटात दर रविवारी नेतो. या टाकीत बुडवलेल्या इलेक्ट्रिक मोटरा आल्या आणि माणूस फिटरचा गुलाम झाला.

कृष्णाकाठचा_फिटर
मिरजेत ऑटो इलेक्ट्रिकलचं काम करतो, म्हणून लिहितो. आधी पंप गेला असं धरून चालू नका. गरम झाल्यावर बंद आणि गार झाल्यावर चालू, हे क्रँक सेन्सरचंही (इंजिन फिरतंय हे ईसीएमला कळवणारा सेन्सर) लक्षण आहे. दोन्हींत गिऱ्हाईक फसतं, आणि कधी कधी गॅरेजवालाही.

गाडी बंद पडलेली असतानाच बघायचं. घरी थंड गाडीवर बघून काही कळणार नाही. चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. मागच्या सीटपाशी कान लावा. दोन-तीन सेकंद 'घूं' असा आवाज आला पाहिजे. आवाज येतोय, तरी गाडी घेत नाही, तर नजर सेन्सरकडे वळवा. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जरासुद्धा हलत नसेल तर संशय अजून पक्का.

आवाजच येत नसेल तर आधी फ्यूज, मग रिले. हॉर्नचा रिले त्याच पिनांचा असेल तर अदलाबदल करून बघा, फुकटात होतं. तरीही नाही आला तर मागची सीट उचला. सँट्रोला सीटखाली झाकण आहे, टाकी खाली घ्यायची गरज नाही. पंपाच्या कपलरवर (वायर जोडायच्या प्लगवर) मल्टिमीटर लावून व्होल्ट बघा, पण कपलर जोडलेला ठेवूनच, मागून पिन खुपसून. इथेच बहुतेकजण चुकतात. कपलर काढून मोजलं तर सडलेल्या वायरवरही 12 दिसतात, कारण लोडच नसतो. जोडलेल्या अवस्थेत 12 च्या आसपास येतात आणि मोटर फिरत नाही, तर मोटर गेली. 8-9 वरच अडकतंय तर वायर, कपलर किंवा अर्थिंग. काहीच येत नाही तर मागे रिलेकडे चला. चावी फिरवायला दुसरा माणूस हवा, कारण तुम्हाला दोन-तीन सेकंदच मिळतात.

अजून एक. टाकीच्या बुडाला हाताच्या तळव्यानं किंवा रबरी हातोडीनं दोन-चार थापा मारा. थापेनं चालू झाली तर मोटरचे कार्बन ब्रश संपलेत. हा इलाज नाही, निदान आहे. थापा मारत पुण्याला जाऊ नका.

घाटवाट_वाचक
+1. मीही हेच सांगणार होतो. चावी ऑन करून आवाज ऐका. नाही आला तर पंप.

कृष्णाकाठचा_फिटर
नाही आला तर "पंप" नव्हे, नाही आला तर *रिले-फ्यूज-वायर-पंप*. वर तेच लिहिलंय.

इस्लामपूर_एक्सप्रेस
सगळं ई-20 (20 टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोल) मुळं होतंय, कुणी बोलत नाही. 2023 पासून आलं आणि आता दुसरं पेट्रोल सहज मिळत नाही. ऊस आपला, कारखाने आपले, इथेनॉलही आपलंच, आणि पंपही आपलेच जळायचे!

विश्रामबागकर
माझी एस्टीम ई-20 वरच चालतेय. काही झालं नाही.

इस्लामपूर_एक्सप्रेस
तुमचा पंप नवा आहे राव. इतक्या वर्षांच्या जुन्या रबरावर काय होतं ते बघा.

कृष्णाकाठचा_फिटर
दोघांचंही अर्धं-अर्धं बरोबर. 2007 च्या गाडीचे होज (रबरी नळ्या) आणि सील 20 टक्के इथेनॉल धरून बनवलेले नाहीत. इथेनॉल पाणी ओढतं. गाडी पावसाळ्यात बरेच दिवस उभी राहिली आणि पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाला बसतं, आणि पंपाची जाळी असते तळालाच. पण इतक्या वर्षांची मोटर ई-20 नसतं तरी कधी ना कधी गेलीच असती.

ई-20 पेक्षा माझ्याकडं जास्त पंप येतात ते 'रिझर्व्हवर' फिरवणाऱ्यांचे. मोटरमधून वाहणारं पेट्रोलच तिला गार ठेवतं. टाकी कायम तळाला असली, वर घाट, वर ऊन, की ती तापून मरते. सीएनजीवाले तर टाकीत दोन लिटर ठेवून वर्ष काढतात.

कराडचा_वाघ
माझी कंपनी फिटेड आहे.

कृष्णाकाठचा_फिटर
मग तरी पेट्रोल पाव टाकीच्या वर ठेवा.

हरिपूर_रोड
ऑगस्ट 2019 च्या पुरात आमची वॅगनआर दोन दिवस पाण्यात होती. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फूट, तुम्हाला काय सांगायचं. धुऊन-पुसून गाडी चालू झाली, विमावाल्याशी भांडणही झालं, आणि वर्षाच्या आत पंप गेला. टाकी उतरवली तर तळाला तांबूस गाळ. फिटरनं टाकी न धुता नवीन पंप टाकला, तोही गेला. नवीन पंप टाकणार असाल तर आधी टाकी धुवा आणि जाळी बदला. खूप लोक जुनी जाळी परत लावतात.

जुनं_ते_सोनं_वाई
800 ला जाळी काढून फुंकर मारली की झालं.

पेठ_नाका
भावा, मोटरच बदल, असेंब्लीचं कुणाचं ऐकू नको. माझ्या आय10 ला नुसती मोटर टाकली. पण एक ध्यानात ठेव. मोटरपासून वरच्या नळीपर्यंत जो छोटा होज असतो तो टाकीत *बुडणारा* असतो. बाहेर वापरायचा साधा पेट्रोल होज लावला तर तो बाहेरून फुगतो, नरम पडतो, आणि प्रेशर आतल्या आत टाकीतच गळतं. त्या होजवर 30आर10 असं छापलेलं असतं, तोच माग. माझ्या फिटरनं साधा लावला होता, म्हणून परत उघडावी लागली. मोटर हजार-बाराशेची, होज-क्लिप वेगळे, झाकणाचा ओरिंग (रबरी कडं) नवीन घे. जुना ओरिंग परत बसत नाही, गाडीत वास येतो.

घाटवाट_वाचक
ओरिंग नवीन घ्या. जुना बसत नाही.

विश्रामबागकर
डुप्लिकेट मोटर हजार-बाराशेला मिळते. बॉक्सवरचं नाव बघून फसू नका, ओळखीच्या दुकानातून घ्या.

मोती_चौक
काम स्वतः करणार असाल तर गंमत नको. पंपाचा फ्यूज काढून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, लाइनमधलं प्रेशर जातं. मग बॅटरीचा निगेटिव्ह काढा. शेडमध्ये नाही, उघड्यावर. वायरवाला बल्ब जवळ आणू नका, डोक्याला लावायचा एलईडी टॉर्च चालेल, आणि तो आधी पेटवून मग झाकण उघडा. आमच्या गल्लीत एकानं बिडी ओढत ओढत टाकी उघडली होती. वाचला, पण भुवया आल्या नाहीत बरेच दिवस.

कराडचा_वाघ
खंबाटकीत बंद पडली म्हणताय, पण आता तर बोगद्यातून जातात ना?

पायथ्याचा_सातारकर
बोगदा पुण्याला जाताना. मी आलो तो घाटातूनच. मी येताना लिहिलंय.

पायथ्याचा_सातारकर
अपडेट. काल यवतेश्वरला मुद्दाम नेली, हटकून बंद पडली. भाऊ चावी फिरवायला, मी सीटखाली. आवाज नाही. हॉर्नचा रिले लावून बघितला, फरक नाही. कपलर जोडलेला ठेवून मोजलं, 11.8 येतात, मोटर गप्प. बुडाला थाप मारली, घूं! म्हणजे मोटरच. @कृष्णाकाठचा_फिटर, तुमच्यामुळं सेन्सरचा खर्च वाचला, आभार.

आता निर्णय. कोल्हापूर रस्त्याच्या एका भंगारवाल्याकडं ठोकलेली 2011 ची सँट्रो आहे, मागून व्यवस्थित. तिची पूर्ण असेंब्ली, पेट्रोलची पातळी दाखवणाऱ्या गेजसकट, 900 ला ठरवली. बॅटरी लावून वाजवून बघितली, आवाज एकदम स्वच्छ. जाळी आणि ओरिंग नवीन घेतो. साडेतेराशेच्या आत सगळं.

विश्रामबागकर
एवढं समजावून भंगारातला?

पेठ_नाका
अरे भावा, जुन्यातला पंप किती चालेल कुणी सांगावं? हजारात नवी मोटर येते!

कृष्णाकाठचा_फिटर
मी नसता टाकला. नुसता वाजवून बघून कळत नाही, प्रेशर गेज लावून मोजा. साधारण 3 बार यायला हवं. आणि टाकायचाच असेल तर त्यातला होजही बदला, तो 2011 चाच असणार.

पायथ्याचा_सातारकर
गेज एका ओळखीच्याकडं आहे, आधी मोजतो. कमी भरलं तर भंगारवाला परत घेणार, तसं बोलून घेतलंय. गाडी 2027 ला द्यायचीच आहे, तोवर चाललं म्हणजे झालं. बजेट 3000 होतं, उरलेल्यात पुढचे दोन वायपर आणि टाकी फुल.

कराडचा_वाघ
म्हणजे शेवटी विकणारच आहात. मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

बोरगाव_स्टँड
जुनी सँट्रोची मोटर फेकू नका हो, मला वायंडिंग बघायचंय. आणि कुणी सांगेल का, 2009 च्या स्विफ्ट डिझेलला पण असाच पंप असतो का टाकीत? तीही चढाला मरतेय.